तटस्थ पाणी

माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मेल्यानंतरही वाढतो असं लोक म्हणतात. तो भास असतो.

*

वेंगुर्ल्यात सदाशिव सारंग माडावर बसलेल्या घारीला शिव्या देत होते. घारीने बांगडा पळवला होता. रक्तदाब ठीक, आवाज खणखणीत.

*

कलम: तटस्थ व्यक्तीने चार किनारी देशांपैकी कोणत्याही देशाचं पाणी पिऊ नये, किंवा त्या पाण्यात शिजलेलं अन्न खाऊ नये. अंघोळीस हरकत नाही.

*

मेंढी कातरताना आधी तिला बसती करून मागे रेलवायचं. पाय जमिनीवरून सुटले की ती गप्प होते.

*

पुण्याहून आलेल्या खोक्यात: बेसन, आमसुलं, मेतकूट, गुडघ्याला लावायचं तेल. खोक्यावर: आगाशे, तटस्थ मंडळ.

*

तुझली गावात समुद्र पूर्वी बसस्टँडपाशी होता. आता समुद्रापर्यंत जायला बस आहे.

*

अरझान समुद्राला चार देशांचे किनारे आहेत आणि बाहेर पडायला वाट नाही. नद्या पाणी आणतात, ऊन ते वर घेऊन जातं. गेली काही वर्षं ऊन जिंकत होतं.

या चौघांचा पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या लवादाच्या कागदांत देशांची नावं नसत. कुणाचं नाव आधी यायचं यावरच सुरुवातीचे महिने वाया गेले होते, म्हणून मग नुसत्या दिशा: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. मोठी नदी उत्तरेची आणि तिच्यावरचं धरणही उत्तरेचं. करार असा की हिवाळाभर धरणाचे दरवाजे अर्धे उघडे ठेवायचे. उत्तर म्हणे, ठेवले होते. पूर्व म्हणे, मग पाणी कुठे आहे? धरणापर्यंत कुणाला जाऊ देत नव्हते आणि बर्फाच्या थराखालून वाहणारं पाणी उपग्रहाला मोजता येत नव्हतं.

तेव्हा पाण्यालाच विचारायचं ठरलं.

पाण्याचे सगळे कण सारख्या वजनाचे नसतात. काहींमधला ऑक्सिजन किंचित जड असतो. पाणी तापलं की हलके कण आधी उडून जातात, जड मागे राहतात. त्यामुळे बंद समुद्राचं पाणी वर्षागणिक जड होत जातं, आणि डोंगरातल्या बर्फाचं, नदीतून नुकतंच आलेलं पाणी त्यामानाने हलकं असतं. हे ज्ञान जुनंच. नवं होतं ते यंत्र. शिलाईमशीनएवढं. त्याला सगळे ‘ठसा’ म्हणत. जड-हलक्याचं प्रमाण आणि पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या खुणा एकत्र वाचून ते तांब्याभर पाण्याबद्दल सांगायचं, की यातलं किती पाणी कोणत्या नदीचं आणि ते समुद्रात केव्हा आलं. पाण्याला गाव मिळालं. गाव मिळालं की देश मिळतो, आणि देश मिळाला की वकील.

पुढचं पाऊल कुणाला तरी सुचणारच होतं. माणूस जे पाणी पितो ते त्याच्या केसात उतरतं. केस वाढत जातो आणि महिन्यामागून महिना त्यात साठत जातो. म्हणजे एखादा तटस्थ माणूस खरंच तटस्थ आहे की एखाद्या किनाऱ्यावर घरोबा करून बसलाय, हे त्याला न विचारता कळू शकतं.

हेमांगी सारंग ही लवादासाठी पाण्याचे नमुने घेणाऱ्या तटस्थ मंडळाच्या तुकडीची प्रमुख. वय एकेचाळीस. भारताला अरझानचा किनारा नाही, म्हणून ती तटस्थ. तिची वेणी कंबरेपर्यंत होती. शेंड्याला वेंगुर्ल्याची विहीर, मध्ये मंडळाने बाहेरच्या देशातून मागवलेलं बाटलीतलं पाणी, आणि वर, मुळांजवळ, मागचा हिवाळा.

*

“उत्तरेच्या वकीलबाईंनी अर्ज केलाय,” आगाशे सर नाश्त्याला म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त जलशास्त्रज्ञ, आणि तुझलीच्या बंदरावरच्या कंटेनरांच्या वसाहतीत हेमांगीशी मराठीत बोलणारं एकमेव माणूस. “अंतिम सुनावणीच्या आधी सगळ्या तटस्थांची केसतपासणी. बुधवारी.” त्यांनी टकलावरून हात फिरवला. “माझं काय उपटणार, देव जाणे. भुवया?”

हेमांगी हसली. हसताना तिला जाणवलं की आपले गाल थंड पडलेत.

“दोन दिवसांचा प्रश्न आहे,” सर म्हणाले. “तुझे हिवाळ्यातले नमुने म्हणजे अख्खा खटला. ते टिकले की दरवाजे उघडलेच समज. काय गं, खात का नाहीस?”

“खातेय ना.”

*

हिवाळ्यात अरझानचा उत्तरेकडचा भाग गोठतो. बोट बांधून ठेवावी लागते. तेव्हा हेमांगी रोज सकाळी बर्फावरून चालत जाऊन भोकं पाडायची आणि बाटल्या भरायची. परतीच्या वाटेवर पूर्वेच्या किनाऱ्यावरचं तुझली लागायचं, आणि त्यातलं पहिलं घर गुलशीरा आपांचं. आपांनी जन्मभर सरकारी लोकरकेंद्रात मेंढ्या कातरल्या होत्या. दोघींच्या बोलण्याचं भाषांतर कानातलं यंत्र करायचं, आपा चिडल्या की ते अडखळायचं.

पहिल्या दिवशी बोटं शेकायला म्हणून ती आत गेली आणि चहा पुढे येताच तिने पिशवीतून मंडळाची बाटली काढली.

“माझ्या घरात तू तुझं पाणी घेऊन आलीस?” आपा म्हणाल्या. यंत्राने हे न अडखळता सांगितलं.

हेमांगी ज्या घरात वाढली तिथे आल्यागेल्यासमोर आधी गूळ आणि पाणी यायचं. ते न घेता उठणं म्हणजे भांडण मागे ठेवून जाणं. नियम तिला पाठ होता. पण समोर वाटी धरलेला हात होता.

तिथे चहाची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरून देता येते. पाहुण्याने जितक्यांदा वाटी पुढे करावी तितका घराचा मान. समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, सकाळपासून उकळत असायचा, पाणी आटून आणखी जड होत असायचं. हेमांगी दिवसाचं निम्म्याहून अधिक पाणी तिथेच प्यायली. पूर्ण हिवाळा. आपा तिला किझिम म्हणायला लागल्या, म्हणजे पोरी.

गावाचा नळ समुद्रातून पाणी घेऊन गोडं करायचा. समुद्र मागे सरत गेला तसं नळाचं तोंड पुढे पुढे नेलं होतं. आता पुढे नुसता चिखल. निकाल पूर्वेच्या बाजूने लागला तर दरवाजे उघडतील आणि पाणी परत येईल. नाही लागला तर उन्हाळ्यात गाव उठवायचं.

*

मंगळवारी दुपारी हेमांगीने वाटीला हात लावला नाही.

“आज काय रुसलीस?”

“आपा, माझ्या केसात तुमचा चहा आहे.”

यंत्र थांबलं, मग त्याने ते तसंच सांगितलं. आपांनी तिची वेणी हातात घेऊन हुंगली. “वास तर खोबऱ्याचा येतो.”

हेमांगीने समजावून सांगितलं. केस, महिने, ठसा, वकीलबाई. नमुने रद्द झाले तर पुढे काय, हे सांगायची गरज पडली नाही. आपा उठल्या आणि कोठीतून विजेची कातरी घेऊन आल्या. तिच्या दात्यांत अजून लोकर होती.

“मान खाली. आणि हलू नकोस.”

“थंड आहे ती.”

“मेंढी इतकी थरथरत नाही गं.”

वेणी आणि बाकीचे केस त्यांनी शेगडीत टाकले. जळका वास बराच वेळ राहिला. दोघींनी खिडकी उघडली. डोकं बांधायला आपांनी रुमाल दिला, पण बाहेर आल्याबरोबर वाऱ्याने तो उडवला. आणि कंटेनरच्या दारातच आगाशे सर उभे होते.

“अगं… हे काय?”

उवा झाल्या होत्या, असं ती सांगणार होती.

“बाबा गेले,” ती म्हणाली.

सरांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. “कधी?”

“काल.”

“आणि तू एकुलती.” पुढचं सगळं त्यांनी स्वतःच जुळवलं. “इथल्या इथे केलंस? एकटीने? फार बरं केलंस. आमचे वडील गेले तेव्हा ताई म्हणत होती, मी करते. आम्ही भावांनी तिला पुढे येऊ दिलं नाही.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला. “आत जा. थंडी आहे. डोकं झाक.”

*

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. ओळखीची माणसं पिठलं-भात करून आणतात. हेमांगीच्या कंटेनरमध्ये चूल नव्हती, विजेची शेगडी होती. सरांनी येऊन तिचा प्लग काढून ठेवला आणि स्टीलचा डबा पुढ्यात उघडला.

“मंडळाच्या पाण्यातलंच आहे,” ते म्हणाले. “नियमात बसतं.”

पिठलं उत्तम झालं होतं. वर कच्चा कांदासुद्धा होता, तो त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मग बाप गेलेली बाई दोनदा वाढून घेते का, असा विचार मनात आला आणि तिसऱ्यांदा ती नको म्हणाली.

“घरी कोण आहे आता? दोन शब्द बोलायला हवेत मी.”

“नको सर. तिकडे रेंज नसते.”

“वेंगुर्ल्यात?”

“घराच्या त्या भागात.”

*

“बाबा, कोण आगाशे म्हणान फोन करीत तर उचलू नको.”

“कित्याक? कोण तो?”

“माझे सायब. मी तेंका सांगलंय… तू गेलंस म्हणान.”

“खंय?”

पलीकडे घार ओरडली. बाबा तिच्यावर ओरडले नाहीत.

“माका मारलंस गो?”

“बाबा, केसांची तपासणी होती, माका काय सुचाक नाय—”

“थांब. कशान गेलंय मी?”

“ता अजून सांगूक नाय.”

“मगे झोपेत सांग. माका खोकून खोकून मराचा नाय.” मग: “जेवलंस?”

“होय. सरांनी पिठलां आणल्यानी.”

“म्हंजे माझ्या नावाचा जेवलंस,” बाबा म्हणाले. तिला वाटलं ते हसतील. हसले नाहीत.

*

कलम, खालच्या बारीक अक्षरांत: केस उपलब्ध नसल्यास पायाच्या अंगठ्याचं नख.

*

बुधवारी तपासणीच्या खोलीत आगाशे सर आधी गेले आणि बूट-मोजे काढून बसले. त्यांच्या टकलाकडे रोज बघूनसुद्धा तिला हे सुचलं नव्हतं. टक्कल पडलेल्या माणसाचं काय करतील, एवढा एक प्रश्न तिने स्वतःला विचारला असता तर वेणी वाचली असती. आणि बाबा.

“नख वर्षभर मागचं सांगतं,” नख कापणारा माणूस अदबीने म्हणाला. तो कुठल्या तरी दूरच्या बेटाचा होता. “मॅडम, उजवा पाय.”

कट्ट. नख एका काचेच्या नळीत पडलं. अहवाल उद्या सकाळी लवादाला आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना, एकाच वेळी.

बाहेर धक्क्यावर दोघं चालत राहिले. धक्का लांब होता, पाणी त्याहून लांब.

“काल वेंगुर्ल्याला फोन लागला माझा,” सर म्हणाले.

हेमांगी थांबली.

“शेजारी भेटले. फार रडले बिचारे. म्हणाले, सदाशिव सारंगासारखा माणूस अख्ख्या तळकोकणात झाला नाही. पोहण्यात पहिला, दशावतारात पहिला, कधी कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. पाऊण तास बोलत होते.” सर तिच्याकडे वळले. “हेमांगी, कोकणात शेजाऱ्याबद्दल इतकं चांगलं कोण बोलतं? स्वतः मेलेल्याशिवाय?”

ती हसली, आणि ते हसणं तिला आवरेना. आवरलं तेव्हा ती रडत होती. मग तिने सगळं सांगितलं. समोवार, अर्ध्या वाट्या, कातरी.

सर रागावणारच होते. मग त्यांनी ठसा वाचताना लावायचा तो आवाज लावला.

“नमुन्यांत काही फिरवलंस?”

“नाही. शप्पथ नाही, सर.”

“एखादी बाटली टाकून दिलीस?”

“एक. झाकण सैल होतं. आत बर्फ गेला असेल म्हणून टाकली.”

“टाकायच्या आधी ठसा बघितला होतास?”

“…हो.”

“काय आला होता?”

“हलकं. नदीचं पाणी भरपूर.”

पूर्ण हिवाळ्यात एकच बाटली उत्तरेच्या बाजूने बोलली होती आणि तीच तिने ओतून दिली होती.

झाकण सैल होतं. तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. बधिर बोटं. बाटली. झाकण फिरतंय. पण ते आपोआप फिरलं की आपण फिरवलं? कुणासाठी आपण काही करत नाही आहोत, अशी खात्री असतानाच माणूस करतो का? आत शिरलेला बर्फ हलकाच असतो, हे शास्त्र बरोबर होतं. पण आत बर्फ शिरलेला तिने पाहिला नव्हता. त्या दिवशी आपांकडे गोड पाव भाजत होता, त्याचा वास मात्र स्पष्ट आठवत होता.

“दोनच वाटा,” सर म्हणाले. “आज तू स्वतः लवादापुढे सांगितलंस तर तुझा हिवाळा रद्द होईल, बाकी तीन ऋतू वाचतील. उद्या ते वकीलबाईंच्या तोंडून आलं तर मंडळाचं एकूण एक पान संशयाचं. सगळा खटला जाईल.”

“आणि नख काठावर सुटलं तर?”

“सुटू शकतं. नखाचं यंत्र तितकं बारीक नाही. सुटलं तर सगळंच टिकेल. गावसुद्धा.”

“तुम्ही काय कराल?”

“मला विचारू नकोस. मी तुला पिठलं करून घातलंय. मीही आता तटस्थ नाही.”

तिने तुझलीकडे पाहिलं. कुणीतरी गच्चीवर गालिचा झटकत होतं. नख सुटलं, तर ती बाटली आयुष्यभर तिची एकटीची राहणार होती. आणि पुढे ठसा बघताना दर वेळी तिला आधी स्वतःकडे बघावं लागणार होतं, की आज आपण कुणाकडे जेवलो.

“लवादाचं कार्यालय कितीला बंद होतं?” तिने विचारलं.

*

वकील: गुलशीरा आपा आपल्या कोण लागतात?

साक्षीदार: कुणी नाही.

वकील: मग रोज का जात होतात?

साक्षीदार: थंडी होती.

वकील: रोजच?

साक्षीदार: रोज थंडी होती.

वकील: आणि ती एक बाटली. झाकण सैल होतं म्हणता.

साक्षीदार: सैल आहे असं मला वाटलं.

वकील: वाटलं, की होतं?

(इथे लवादाच्या अध्यक्षांनी साक्षीदाराला पाणी हवं का म्हणून विचारलं. साक्षीदार नको म्हणाली.)

साक्षीदार: वाटलं.

*

निकालाचा उपयोगाचा भाग दोन ओळींचा होता. हिवाळ्यातल्या विसर्गाबद्दल ग्राह्य पुरावा नाही. इतर ऋतूंतल्या तक्रारींची संयुक्त पाहणी तीन वर्षांत व्हावी.

नखाचा अहवालही आला. काठावर नव्हता. सुटलं नसतंच. हे कळल्यावर हेमांगीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तोवर तिची नेमणूक संपली होती. वेंगुर्ल्याला फोन केला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, “मगे मी आता जित्तो आसंय मां?”

“होय.”

“लेखी घे त्या आगाश्याकडसून.”

*

उन्हाळ्यात तुझलीत ट्रक आले. हेमांगी सामान भरायला म्हणून मुद्दाम मागे थांबली होती. तिच्या डोक्यावर केस आले होते, मुठीत न धरता येणारे, काटेरी. आपांनी गालिचे गुंडाळले, समोवार घोंगडीत बांधला, आणि ट्रकचं फळकूट लावताना त्या बोलू लागल्या. हेमांगीने यंत्र काढून ठेवलं होतं. ते तिने परत कानात घातलं.

“एकच शब्द होता, किझिम. ‘होतं’ म्हणाली असतीस.”

“मला आठवत नव्हतं, आपा.”

“मला आठवतं. त्या दिवशी तू आत आलीस तेव्हा तुझी बोटं निळी पडली होती. मीच चोळून दिली. त्या बोटांनी झाकण घट्ट कसं लागेल?”

“हे तुम्ही लवादाला सांगायला हवं होतं.”

“मला कुणी विचारलं?”

ट्रक सुरू झाला. आपा पुढे ड्रायव्हरशेजारी चढल्या, त्यांनी आत जागा करण्यासाठी पिशवी मांडीवर घेतली, आणि हेमांगीकडे न बघता दार ओढून घेतलं. दार पहिल्या खेपेला लागलं नाही. दुसऱ्या खेपेला लागलं. रस्ता सरळ होता आणि सपाट, त्यामुळे ट्रक फार वेळ दिसत राहिला.

*

हेमांगी बाटल्या भरत होती त्या हिवाळ्यात, पहिला बर्फ पडल्यापासून शेवटचा वितळेपर्यंत, धरणाचे सगळे दरवाजे बंद होते.